उष्ण प्रदेशातील कुरणांवरील मांसल गुरांचा ऊर्जापूरक खुराक

उष्ण प्रदेशातील कुरणावर चरणाऱ्या मांसल (मांसासाठी पाळलेल्या) गुरांना गवताच्या जोडीला मका-ज्वारीचा भरडा, सोयाबीनची टरफले, मळी किंवा संत्र्याचा वाळवलेला चोथा मोजून देण्याची पद्धत. ब्राझीलच्या सेर्रादो या विरळ झाडीच्या गवताळ भागात ती चांगलीच रुजली आहे. तिथले कळप मुख्यतः नेलोर जातीचे, म्हणजे मूळच्या आंध्रातल्या ओंगोल गुरांचे वंशज. कुरण बहुधा ब्राकिआरिया गवताचे असते. त्यातला मारांदू वाण एम्ब्रापा या सरकारी संशोधन संस्थेने १९८४ मध्ये प्रसारित केला.

साधारण ऑक्टोबर ते एप्रिल पाऊस, बाकीचे महिने कोरडे. पावसात वजन धरणारे जनावर कोरड्या महिन्यांत ते गमावते. अशा गुराला तिथे ‘बोइ सांफोना’, म्हणजे भात्यासारखा फुगणारा-आकसणारा बैल म्हणतात. मात्र कोरड्या दिवसांत पहिली उणीव ऊर्जेची नसते, नत्राची असते. वाळलेल्या गवतातली क्रूड प्रथिने (नत्रावरून मोजलेली एकूण प्रथिने) ३ ते ५ टक्क्यांवर येतात. कोटीपोटातल्या, म्हणजे गवत आंबवणाऱ्या मोठ्या पोटातल्या, जिवाणूंना तंतू पचवायला सुमारे ७ टक्के लागतात. अशा वेळी नुसता मका घातला, तर पिष्टावर वाढणारे जिवाणू असलेले थोडे नत्रही उचलतात, तंतू पचवणारे उपाशी राहतात आणि जनावर गवतच कमी खाते. पैसे खर्चून भूक मारण्याचा हा प्रकार नवख्या पशुपालकांकडे हमखास दिसतो. शेण पाहावे: घट्ट, कोरडे, थरावर थर चढलेले असेल तर आधी प्रथिन द्यावे.

म्हणून कोरड्या हंगामात मका भरडा ३५, सोयापेंड २०, मीठ २०, खनिज मिश्रण १५ आणि नत्रासाठी युरिया १० किलो असे मिश्रण वजनाच्या ०.१ ते ०.२ टक्के देतात. ३५० किलोच्या खोंडाला ते रोज ३५० ते ७०० ग्रॅम होते. मीठ इथे चवीसाठी नसून अधाशीपणाला लगाम म्हणून असते. युरियाबरोबर गंधक हवे, त्यामुळे ९ भाग युरियाला १ भाग अमोनियम सल्फेट मिसळतात. शिवाय खायला गवत शिल्लक असावे लागते. त्यासाठी काही कुरणे फेब्रुवारी-मार्चपासूनच राखून ठेवतात. गवतच नसेल तर हे मिश्रण वाया जाते.

ऊर्जेचा खरा उपयोग पावसाळ्यात. हिरव्या गवतात प्रथिने पुरेशी असतात, पण नत्र कोटीपोटात झपाट्याने सुटते आणि जोडीला ऊर्जा नसल्याने अमोनिया होऊन लघवीवाटे जाते. वजनाच्या ०.३ टक्के खुराक (३५० किलोला सुमारे १ किलो) या नत्राला कामाला लावतो. रोजच्या वाढीत साधारण १०० ते २०० ग्रॅम भर पडते. प्रमाण वाढवले की जनावर खुराकाच्या बदल्यात गवत सोडू लागते. याला प्रतिस्थापन म्हणतात. ते तोटाच असतो असे नाही. ०.५ टक्के, म्हणजे १०० खोंडांना रोज १७५ किलो, आणि किलोमागे अर्धा किलो कोरडे गवत सुटले, तर सुमारे ८७ किलो गवत वाचते. एक खोंड रोज ७ किलो खातो असे धरल्यास त्याच कुरणावर आणखी बाराएक खोंड बसतात. मग फायदा जनावरामागे नव्हे, हेक्टरमागे मोजायचा. जास्तीची जनावरे न आणता वाचलेले गवत उंच वाढू दिले, तर ते काड्या धरते आणि सगळाच हिशेब बुडतो. फेरपालटाच्या चराईत मारांदूवर २५ सेंटिमीटर उंचीला जनावर सोडावे आणि १५ ला काढावे.

मक्यातल्या पिष्टाने कोटीपोटाचा सामू (pH) घसरतो, म्हणजे आम्लता वाढते. टरफले किंवा संत्र्याचा चोथा या बाबतीत सौम्य, कारण त्यांतली ऊर्जा तंतू आणि पेक्टिनमधून येते. खुराक सकाळी लवकर देऊ नये. पहाट आणि सायंकाळ ही मुख्य चराईची वेळ. दुपारी बारा-एकच्या सुमारास दिल्यास चराई मोडत नाही.

गव्हाणीची लांबी ही नेहमीची चूक. ०.३ ते ०.५ टक्क्यांना जनावरामागे ३० ते ४० सेंटिमीटर जागा हवी. म्हणजे १०० खोंडांसाठी दोन्ही बाजूंनी खाता येणारी किमान १५ मीटर गव्हाण. तोकडी असली की दांडगे जनावर दुसऱ्याचा वाटा खाते आणि कळपात वजनांची तफावत वाढते.

युरियाचे मिश्रण ठेवलेल्या गव्हाणीवर छप्पर असावे आणि तळाला भोके. पावसाचे पाणी साचून युरिया विरघळला आणि जनावराने ते प्यायले, तर लाळ, थरथर, पोटफुगी आणि काही तासांत मृत्यू. ताबडतोब ४ ते ६ लिटर व्हिनेगर पाजणे हा प्रथमोपचार. युरिया दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. उपाशी कळपापुढे एकदम ठेवू नये.

विक्रीपूर्वी कुरणावरच वजनाच्या १ ते २ टक्के खुराक देतात, तेव्हाही असाच सराव लागतो, नाहीतर आम्लविकार होतो. त्याला आळा घालण्यासाठी मोनेन्सिन हे कोटीपोटातल्या जिवाणूंवर काम करणारे औषध मिसळतात. अशा गव्हाणीजवळ गुराख्याचा घोडा मोकळा सोडू नये. गुरांना मानवणारी तेवढी मात्राही घोड्याला मारू शकते.