लो-लेव्हल लेझर थेरपी आणि बोन ग्राफ्ट

लो-लेव्हल लेझर थेरपी म्हणजे कमी ताकदीचा लेझर मारून जखम भरायला हातभार लावायचा उपचार, हल्ली याला फोटोबायोमॉड्युलेशन पण म्हणतात. हा लेझर कापत नाही की जाळत नाही, ताकद साधारण ५०० मिलीवॅटच्या आतच असते. पहिला लेझर १९६० ला बनला आणि १९६७ च्या आसपास बुडापेस्टच्या एंद्रे मेस्टर यांना उंदरांची पाठ भादरून त्यावर रुबी लेझर टाकल्यावर केस लवकर उगवलेले दिसले, तिथून हे सगळं सुरू झालं.

गोव्यात हा विषय निघतो तो बहुतेक दातांच्या डॉक्टरकडेच. दाढ काढून बरेच दिवस झाले की तिथलं हाड झिजतं, मग इम्प्लांट, म्हणजे नकली दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू, बसवायला हाडच पुरत नाही, वरच्या जबड्यात तर सायनस लिफ्ट, म्हणजे दाढांच्या वरच्या पोकळीचं अस्तर उचलून खाली हाडाला जागा करणं, करावी लागते. अशा वेळी बोन ग्राफ्ट टाकतात, म्हणजे कमी पडलेल्या जागी हाड किंवा हाडासारखे दाणे भरतात. ग्राफ्ट स्वतःच्या हनुवटीचं किंवा कमरेचं हाड असू शकतं, दुसऱ्या माणसाचं प्रक्रिया केलेलं, कृत्रिम, नाहीतर बोवाइन म्हणजे गाईबैलांच्या हाडापासून बनवलेले दाणे. हे शेवटचं पेशंटला आधी स्पष्ट सांगायलाच हवं, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांना ते चालत नाही, आणि कृत्रिम पर्याय मिळतो.

या ग्राफ्टच्या जागी नवं हाड लवकर यावं म्हणून वरून लेझर देतात. आता तो नेमकं काय करतो. बोवाइन किंवा कृत्रिम दाण्यांत जिवंत पेशी नसतात, तो नुसता सांगाडा, त्यामुळे प्रकाशाचा परिणाम होतो तो आजूबाजूच्या जिवंत हाडावर, रक्तवाहिन्यांवर आणि तिथून सरकत आत येणाऱ्या पेशींवर. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, ते लाल आणि त्याच्या पुढचा इन्फ्रारेड प्रकाश शोषतं, त्यातून पेशीला जास्त ऊर्जा म्हणजे एटीपी मिळते असं मानतात. हाड बनवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी वाढतात, नव्या रक्तवाहिन्या लवकर फुटतात, सूजही कमी होते. हाडासाठी बहुतेक ८०८ किंवा ८३० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड घेतात, कारण तो लाल प्रकाशापेक्षा खोल जातो. हा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून पेशंट आणि डॉक्टर दोघांनी त्या लेझरसाठीचा खास गॉगल घालायचाच, यात सूट नाही.

सगळ्यात महत्त्वाचा डोस. १०० मिलीवॅटचा प्रोब ६० सेकंद धरला की ६ ज्यूल ऊर्जा जाते, पण ती केवढ्या जागेवर पडली, किती दिवसांनी परत दिली यावर परिणाम बदलतो. कमी दिला तर काहीच होत नाही, आणि जास्त दिला तर पेशी उलट मंदावतात, म्हणून "अजून थोडा मारा डॉक्टर" असा आग्रह इथे कामाचा नाही.

पुरावा किती? उंदीर आणि सशांवरच्या बऱ्याच प्रयोगांत नवं हाड लवकर आणि जास्त दिसलं, फायदा सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त, पुढे फरक कमी होत जातो. माणसांवरचे अभ्यास मात्र छोटे आणि प्रत्येकाचा डोस वेगळा, त्यामुळे एकच ठरलेली पद्धत अजून नाही. म्हणजे ही जोड-ट्रीटमेंट आहे, आणि तिच्या जोरावर ग्राफ्टनंतर इम्प्लांटसाठी थांबायचे चारसहा महिने कमी होतील असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर ते मला पटत नाही.

प्रयोगांमध्ये ऑपरेशनच्या दिवसापासून दर ४८ तासांनी दोनेक आठवडे लेझर देतात. वाळपई, काणकोण किंवा सीमेपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडीहून बांबोळीला किंवा पणजीला येणाऱ्यासाठी दर दोन दिवसांनी बस पकडणं म्हणजे कामाचे दिवस बुडणं, आणि इतक्या धावपळीतला फायदा किती हे डॉक्टरांनी आधीच सांगावं असं मला मनापासून वाटतं. सिगारेट सोडणं, शुगर ताब्यात ठेवणं, टाक्यांवर जीभ न लावणं याने ग्राफ्टला होणारा फायदा पक्का आहे आणि त्याला कुठे जावंही लागत नाही.

त्या जागी कॅन्सर असेल किंवा संशय असेल तर लेझर टाळतात, प्रकाशाने त्रास होणारी औषधं चालू असतील तर आधी सांगायचं. लेझर घेतला असो वा नसो, इम्प्लांटची तारीख ठरते ती सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेमध्ये, हाड किती आलंय ते बघूनच.