आंतरविनिमय शुल्क

आंतरविनिमय शुल्क : कार्डाने झालेल्या खरेदीत व्यापाऱ्याच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यावयाची रक्कम. बँकांच्या बोलीत तिला ‘इंटरचेंज’ म्हणतात. व्यापाऱ्याकडून कापल्या जाणाऱ्या एकूण दरात, म्हणजे एमडीआरमध्ये, सहसा हाच सर्वांत मोठा घटक असतो. उरलेल्या भागात कार्ड-जाळ्याचे शुल्क व व्यापाऱ्याच्या बँकेचे उत्पन्न येते. हा दर व्हिसा, मास्टरकार्ड यांसारखी जाळी ठरवतात. कोणते कार्ड वापरायचे हे ग्राहक ठरवतो, खर्च व्यापाऱ्याच्या माथी बसतो आणि तो वस्तूंच्या किमतीत मिसळून रोखीने पैसे देणाऱ्यांपर्यंतही पोचतो. जाळ्यांना कार्ड देणाऱ्या बँका आपल्याकडे ओढायच्या असल्याने त्यांच्यातील स्पर्धा हा दर खाली आणण्याऐवजी चढवते. शासकीय नियंत्रणाचे मूळ या विसंगतीत आहे.

उगम : याबाबत मतभेद आहेत. डायनर्स क्लबचे कार्ड (१९५०) आणि बँक ऑफ अमेरिकेने १९५८ मध्ये फ्रेझ्नो येथे आणलेले बँकअमेरिकार्ड या दोन्हींत असे शुल्क असण्याचे कारण नव्हते, कारण कार्डधारक व व्यापारी एकाच संस्थेशी बांधलेले होते. १९६६ पासून बँक ऑफ अमेरिका इतर बँकांना परवाने देऊ लागली आणि दोन बँकांतील देवघेवीचा प्रश्न उभा राहिला. आरंभीच्या व्यवस्थेत व्यापाऱ्याकडून कापलेली सगळी रक्कम कार्ड देणाऱ्या बँकेकडे पाठवणे अपेक्षित होते. व्यापाऱ्याच्या बँकेला ती कमी दाखवण्याचा मोह होई आणि त्यावरून वाद होत. १९७० मध्ये परवानाधारक बँकांची नॅशनल बँकअमेरिकार्ड (पुढची व्हिसा) ही संस्था स्थापन झाली, डी हॉक तिचे प्रमुख झाले आणि सर्वसाधारणपणे १९७१ च्या सुमारास सर्वांना लागू असा एकच दर आला. आजच्या शुल्काचा आरंभ बहुतेक अभ्यासक येथूनच धरतात.

दुसरे मत या शुल्काची मुळे चेकच्या व्यवहारात शोधते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक बँका परगावाहून वसुलीसाठी आलेल्या चेकवर पूर्ण रक्कम न देता काही भाग कापून घेत. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने १९१३ च्या कायद्यानंतर, विशेषतः १९१६ पासून, चेक पूर्ण मूल्याने वटवण्याचा आग्रह धरला. तरीही काही बँकांनी ही कपात पुढे अनेक दशके चालू ठेवली. येथेही पैसे देणाऱ्याच्या बँकेलाच कपातीचा लाभ मिळे, ही समांतरता लक्षणीय आहे. मात्र कार्डाच्या आद्यप्रवर्तकांनी ती प्रथा जाणीवपूर्वक उचलली असे म्हणण्यास पुरेसा आधार दिसत नाही.

उगमाचा हा वाद धोरणालाही भिडतो. अमेरिकी कायदेतज्ज्ञ विल्यम बॅक्स्टर यांनी १९८३ च्या निबंधात असे मांडले, की कार्डाचा व्यवहार ग्राहक आणि व्यापारी अशा दोघांच्या मागणीवर उभा असतो. दोन्ही बाजूंचा खर्च त्यांच्या लाभाच्या प्रमाणात वाटायचा तर बँकांमध्ये रक्कम फिरवावीच लागते. नाबँको (व्यापाऱ्यांचे कार्ड-व्यवहार हाताळणारी कंपनी) विरुद्ध व्हिसा या खटल्यात अमेरिकी न्यायालयांनी (१९८४, अपिलात १९८६) व्हिसाच्या बाजूने कौल दिला, तोही याच धर्तीच्या युक्तिवादावर. अर्थतज्ज्ञ ॲलन फ्रँकल यांनी १९९८ मध्ये याला उत्तर देताना चेकच्या इतिहासाचा आधार घेतला : पूर्ण मूल्याने वटवण्याचा नियम आल्याने चेकची पद्धत बुडाली नाही. व्यवहारातील पुरावाही काहीसा त्यांच्या बाजूने झुकतो. कॅनडातील इंटरॅक ही डेबिट-पद्धत शून्य आंतरविनिमय शुल्कावर रुजली, तर ऑस्ट्रेलियातील एफ्टपॉस या डेबिट-पद्धतीच्या व्यवहारांत शुल्क दीर्घकाळ उलट्या दिशेने, म्हणजे व्यापाऱ्याच्या बँकेकडे जात होते. एखादी रक्कम आवश्यक असेल. ती आजच्या दिशेने आणि आजच्या आकारातच हवी, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

नियंत्रण : ऑस्ट्रेलियात वित्तव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या वॉलिस समितीच्या अहवालानंतर (१९९७) पेमेंट सिस्टम्स (रेग्युलेशन) ॲक्ट, १९९८ आला आणि रिझर्व्ह बँक ऑफ ऑस्ट्रेलियाला दर नेमण्याचा अधिकार मिळाला. २००३ मध्ये क्रेडिट कार्डांचा सरासरी आंतरविनिमय दर सुमारे ०.९५ टक्क्यावरून ०.५५ टक्क्यावर आणण्यात आला. त्याच वर्षी व्यापाऱ्यांना कार्डाचा अधिभार ग्राहकाकडून घेण्याची मोकळीक मिळाली.

यूरोपीय आयोगाने १९ डिसेंबर २००७ रोजी आंतरविनिमय शुल्काबाबत मास्टरकार्डविरुद्ध निर्णय दिला. यूरोपीय न्यायालयाने तो २०१४ मध्ये कायम केला. २०१५ च्या विनियमाने वैयक्तिक डेबिट कार्डांसाठी ०.२ टक्के आणि क्रेडिट कार्डांसाठी ०.३ टक्के अशी कमाल मर्यादा घातली. तिच्यामागे जाँ-शार्ल रोशे व जाँ तिरोल या अर्थतज्ज्ञांची ‘पर्यटक कसोटी’ आहे : पुन्हा कधीही न येणारा, खिशात पुरेशी रोकड असलेला ग्राहक समोर असताना व्यापारी ज्या दराला कार्ड आनंदाने स्वीकारील, तो दर योग्य. व्यावसायिक कार्डे या मर्यादेबाहेर राहिली.

अमेरिकेत डॉड–फ्रँक कायद्यातील (२०१०) आंतरविनिमय शुल्क बांधणारी डर्बिन दुरुस्ती फक्त डेबिट कार्डांपुरती आणि १० अब्ज डॉलर वा अधिक मालमत्ता असलेल्या बँकांपुरती आहे. १ ऑक्टोबर २०११ पासून २१ सेंट अधिक ०.०५ टक्के अशी मर्यादा लागू झाली. फसवणूक रोखण्याची व्यवस्था असल्यास आणखी १ सेंट. तिचा एक अनपेक्षित परिणाम नोंदवायला हवा. किरकोळ रकमांच्या विक्रीला आधी मिळणारे सवलतीचे दर जाळ्यांनी काढून घेतले आणि सर्वांना कमाल दर लावला. ज्यांची विक्री लहान रकमांची, त्या व्यापाऱ्यांचा खर्च त्यामुळे वाढला. दुसरा मार्ग भारताने धरला : रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील एमडीआर १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे.

एका घटकावर मर्यादा आली की भार दुसऱ्या घटकाकडे सरकतो. आंतरविनिमय शुल्क बांधले गेल्यावर जाळ्यांची स्वतःची शुल्के हा चौकशीचा विषय झाला. ब्रिटनच्या पेमेंट सिस्टम्स रेग्युलेटरने त्यांचे स्वतंत्र बाजार-परीक्षण केले. अधिभाराबाबत धोरणे परस्परविरोधी आहेत. ब्रिटनने वैयक्तिक कार्डांवरील अधिभार १३ जानेवारी २०१८ पासून बंद केला, तर तो २००३ मध्ये खुला करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ च्या प्रस्तावात तो काढून घेण्याकडे कल दाखवला.

डिजिटल वॉलेट : यांचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात वॉलेट स्वतःकडे शिल्लक ठेवते. दुसऱ्यात ते केवळ कार्डाचा क्रमांक बदलून, त्याजागी टोकन (पर्यायी क्रमांक) वापरून, व्यवहार पुढे पाठवते. दुसऱ्या प्रकाराने जुन्या कायद्यांना पेचात टाकले, कारण त्यात पैसा वॉलेट चालवणाऱ्याच्या हातात येतच नाही, तरी वाट मात्र त्याच्याच ताब्यात असते. ॲपल पे (२०१४) हे ठळक उदाहरण. अमेरिकेच्या न्याय विभागाने ॲपलविरुद्ध मार्च २०२४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात बँकांकडून क्रेडिट व्यवहारामागे ०.१५ टक्के घेतले जातात असे म्हटले आहे. आयफोनमधील एनएफसी (फोन यंत्राजवळ धरून पैसे देण्याची) यंत्रणा प्रतिस्पर्धी वॉलेटना खुली करण्याची ॲपलची हमी यूरोपीय आयोगाने जुलै २०२४ मध्ये दहा वर्षांसाठी बंधनकारक केली. ऑस्ट्रेलियात स्कॉट फॅरेल यांच्या पुनरावलोकनाने (२०२१) १९९८ च्या कायद्यातील व्याख्या अशा मध्यस्थांना कवेत घेण्यास अपुऱ्या असल्याचे दाखवून त्या विस्तारण्याची शिफारस केली.

‘आधी घ्या, नंतर भरा’ या सेवांमध्ये आंतरविनिमय शुल्क नसते. व्यापाऱ्याकडून थेट शुल्क घेतले जाते. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू केलेले पिक्स खात्यातून खात्यात चालते आणि कार्ड-जाळ्याला वळसा घालते. स्टेबलकॉइन म्हणजे डॉलरसारख्या चलनाशी मूल्य बांधलेले डिजिटल नाणे; त्याबाबत अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये जीनियस ॲक्ट झाला. या कायद्याचा भर नाणे काढणाऱ्यांची राखीव गंगाजळी आणि परवाने यांवर आहे.