काँगोविषयक अमेरिकी धोरण (१९६०–६५)

३० जून १९६० रोजी बेल्जियमच्या सत्तेतून मुक्त झालेल्या काँगोबाबत अमेरिकेने शीतयुद्धाच्या हिशेबाने राबवलेले धोरण. हा देश तांबे, कोबाल्ट व युरेनियमचे भांडार आहे. हिरोशिमावरील बॉम्बसाठी लागलेले बरेचसे युरेनियम येथल्याच शिंकोलोब्वे खाणीतले होते.

स्वातंत्र्याला आठवडाही उलटला नव्हता, तोच सैन्यात बंड झाले. बेल्जियमने फौज उतरवली आणि ११ जुलैला खनिजसंपन्न कटांगा प्रांत फुटून निघाला. पंतप्रधान पात्रिस लुमुंबा मदत मागायला वॉशिंग्टनला गेले. परराष्ट्रमंत्री ख्रिश्चन हर्टर भेटले, अध्यक्ष आयझेनहॉवर भेटले नाहीत आणि थेट मदतही मिळाली नाही. त्यानंतर लुमुंबांनी सोव्हिएत विमाने घेतली. हा घटनाक्रम ध्यानात ठेवायला हवा, कारण अमेरिकेने त्यांना साम्यवाद्यांचे हस्तक ठरवले. वास्तविक ते कट्टर राष्ट्रवादी होते आणि देश एकसंध राखण्यासाठी धडपडत होते.

२६ ऑगस्टला अमेरिकी गुप्तचर संस्था सीआयएचे प्रमुख ॲलन डलेस यांनी काँगोची राजधानी लिओपोल्डव्हिल (आजचे किन्शासा) येथील आपल्या अधिकाऱ्याला तार केली: लुमुंबांना हटवणे हे तातडीचे व प्रमुख उद्दिष्ट आहे. सप्टेंबरात संस्थेचे रसायनतज्ज्ञ सिडनी गॉटलिब स्वतः विष घेऊन तेथे पोहोचले. ते लुमुंबांच्या अन्नात किंवा टूथपेस्टमध्ये मिसळायचे होते. बेत तडीस गेला नाही. पण त्याच महिन्यात सीआयएच्या पाठबळावर काँगोचे लष्करी अधिकारी कर्नल मोबुटूंनी सत्ता बळकावली. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात लुमुंबांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा बेल्जियन अधिकारी तेथे हजर होते. १९७५ मध्ये गुप्तचर संस्थांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या चर्च समितीला या हत्येत सीआयएचा थेट हात असल्याचा पुरावा सापडला नाही. विषाचा कट मात्र तिने उघड केला. निवडून आलेल्या पंतप्रधानाला मारण्याचा घाट घालणे हाच मुळात अक्षम्य अपराध होता.

केनेडींच्या काळात धोरणाची दिशा थोडी पालटली. अमेरिकेने काँगोचे नवे पंतप्रधान सिरिल अदुला यांचे सरकार व संयुक्त राष्ट्रांच्या सेनेला बळ दिले. या सेनेत भारतीय ब्रिगेडचा मोठा वाटा होता. कटांगाची राजधानी एलिझाबेथव्हिलच्या लढाईत धारातीर्थी पडलेल्या कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना परमवीरचक्र मिळाले. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाची फुटीरता संपली. १९६४ चे सिम्बा बंड (पूर्व काँगोतील लुमुंबा-समर्थकांचा उठाव) मोडताना मात्र अमेरिकी विमानांतून बेल्जियन छत्रीधारी सैनिक बंडखोरांच्या ताब्यातील स्टॅनलीव्हिल शहरावर उतरवले गेले.

२४ नोव्हेंबर १९६५ रोजी मोबुटूंनी पुन्हा सत्ता घेतली. त्यांनी देश लुटला, विरोधक चिरडले. तरीही साम्यवादविरोधी मित्र म्हणून शीतयुद्ध संपेपर्यंत त्यांना अमेरिकी मदत मिळत राहिली. १९९७ मध्ये बंडखोरांनी त्यांना पदच्युत केले.