कवळी रात्रीही घालून ठेवायची?

नाशिकमध्ये पंचवटी असो की सिडको, नवी कवळी बसली की सल्ला ठरलेला: 'रात्रीही काढू नका, नाहीतर सवय होणार नाही.' हे चूक आहे.

समजाचं मूळ मात्र खरं आहे. दात काढल्याबरोबर लगेच बसवलेली कवळी पहिले 24 तास काढू नका, असं डॉक्टर सांगतात. सूज आली तर ती परत बसवणं अवघड जातं. नियम तेवढ्यापुरताच. एरवी रात्री हिरड्यांना मोकळीक हवीच. सतत झाकलेल्या ओल्या जागेत कॅन्डिडा ही बुरशी वाढते, टाळू लालबुंद होतो, आणि बऱ्याचदा दुखत नसल्याने कळतही नाही.

काढलेली कवळी साध्या पाण्यात बुडवा. कोरडी पडली किंवा उकळत्या पाण्यात टाकली, तर आकार बिघडतो. टूथपेस्टने चरे पडतात. मऊ ब्रश आणि सौम्य लिक्विड साबण पुरे.

सवय होते दिवसा, बोलून-खाऊन. आधी मऊ भात, मग पोळी, दोन्ही बाजूंनी चावत. मिसळीवरची कडक शेव थोडे दिवस थांबेल (नाशिककराला जड जाईल, मान्य). टोचलं तर घरी कानस लावू नका. दवाखान्यात जाण्याआधी काही तास कवळी घाला, म्हणजे डॉक्टरांना नेमकी लाल जागा दिसते.