हॅच शेल
हॅच मेमोरियल शेल. अमेरिकेतील बॉस्टन शहरात चार्ल्स नदीकाठच्या एस्प्लनेड उद्यानातील खुला संगीतमंच. आकार पाव गोलाचा, म्हणजे मधोमध चिरलेल्या घुमटासारखा, तोंड हिरवळीकडे. याला बँडस्टँड म्हणणे बरोबर नाही. मुंबई-पुण्याकडे परिचित असलेला बँडस्टँड चहूबाजूंनी उघडा असतो. शेलला पाठ असते आणि सारे काम ती पाठच करते.

येथील मोफत मैफलींचा आरंभ काही ठिकाणी १९२८ चा दिलेला आढळतो. तो बहुधा या मैफली सुरू करणारे वाद्यवृंद-संचालक आर्थर फीडलर यांच्या खटपटीचा काळ असावा. प्रत्यक्ष पहिली मैफल ४ जुलै १९२९ ची, हे अधिक ग्राह्य. तेव्हाचा मंच लाकडी व तात्पुरता होता. १९३४ मध्ये धातूचा आला. सध्याचा तिसरा मंच रिचर्ड शॉ यांच्या आर्ट डेको या वास्तुशैलीतील आराखड्यानुसार १९४० मध्ये (काहींच्या मते १९४१) पूर्ण झाला. मरिया हॅच यांनी भाऊ एडवर्ड यांच्या स्मारकासाठी मृत्युपत्रात ३ लाख डॉलर ठेवले होते, त्यातून तो उभा राहिला.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. मागे व वर जाणारा नाद पुढे वळवून शेल ही तूट थोडी भरून काढतो. मात्र गुळगुळीत गोल पृष्ठभाग नाद एका जागी गोळा करतो. वादक गोलाच्या केंद्रापाशी बसला, तर त्याचेच वाद्य त्याच्या कानावर परत आदळते आणि शेजारचे ऐकू येत नाही. म्हणून आतल्या लाकडी अस्तराला मागे लहान होत जाणाऱ्या कमानींच्या पायऱ्या आहेत. अशा पायऱ्या साधारण आपल्या मापाच्या वा त्याहून लहान तरंगांनाच विखुरतात. १,००० हर्ट्झच्या नादाची तरंगलांबी ३४ सेंमी., तर डबल बास या खर्जातल्या मोठ्या तंतुवाद्याच्या सर्वांत खालच्या ४१ हर्ट्झ स्वराची ८ मी.हून जास्त. तो स्वर पायऱ्यांना जुमानत नाही.

मोठ्या गर्दीसाठी हिरवळीवर ध्वनिक्षेपक लावताना विलंब मोजावा लागतो. मंचापासून १०० मी.वरच्या ध्वनिक्षेपकाला सुमारे ०.२९ सेकंद आणि त्यावर आणखी १०–२० मिलिसेकंद उशीर देतात. तो दिला नाही, तर मागच्या श्रोत्यांना प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. १९७४ पासून ४ जुलैच्या मैफलीत रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या ‘१८१२’ या वाद्यवृंद-रचनेला खऱ्या तोफांची साथ असते. तेथेही हाच हिशेब : तोफ २०० मी.वर असेल, तर इशारा ठोक्याआधी ०.६ सेकंद द्यायला हवा. १९७६ मध्ये गर्दी सुमारे ४ लाख होती.

उद्यानाच्या कडेने जाणारा स्टॉरो ड्राइव्ह १९५१ मध्ये खुला झाला. हेलन स्टॉरो यांनी उद्यानासाठी १० लाख डॉलर दिले होते आणि रस्त्याला त्यांचा विरोध होता. त्यांच्या मृत्यूनंतर तो झाला, नाव मात्र त्यांच्या पतीचे मिळाले. संथ वादनात वाहनांची घरघर मिसळते. शेजारच्या बॅक बे वस्तीकडून येणारे श्रोते हा रस्ता फीडलर यांच्या नावाच्या पादचारी पुलावरून ओलांडतात.