ऑपरेशनआधीची तयारी : थांबायचं किती?

कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की पेशंटला पडून राहायला सांगायचं, ही रीत सांगली-साताऱ्याकडच्या घरांत अजून आहे. तिच्या उलट पुरावा साधारण तीस वर्षांचा. 1993 मध्ये मोठ्या ऑपरेशनआधी वयस्क पेशंटना, शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजत, सायकल मारायला लावली. वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला 11 मिलिलिटर वापराच्या आतच ज्यांच्या स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागला, त्यांच्यात हृदयामुळे होणारे मृत्यू जास्त निघाले. 2014 च्या मोठ्या आतड्याच्या अभ्यासात चार आठवडे व्यायाम, प्रथिनं आणि मानसिक आधार असा कार्यक्रम ऑपरेशनआधी सुरू केलेल्यांपैकी 84 टक्के लोक आठ आठवड्यांत पूर्वीइतके चालू लागले. तोच कार्यक्रम ऑपरेशननंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण 62 टक्के होतं. 2020 च्या अभ्यासात अशा तयारीने अशक्त वृद्धांत मात्र ऑपरेशननंतरची गुंतागुंत कमी झाली नाही, तर 2023 च्या अभ्यासात ती कमी झालेली दिसली.

खरा वाद आहे तो तारखेचा. ऑपरेशन चार आठवडे लांबलं की मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो, असं 2020 च्या एका मोठ्या आढाव्यात आलं. तंबाखू-मिश्रीमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरला तर थांबणं परवडतच नाही. म्हणून व्यायामासाठी तारीख पुढे ढकलू नये. तपासण्या, केमो आणि मंजुरीची कागदपत्रं यांत जाणारा काळच वापरावा. मिरजेला केमोसाठी फेऱ्या घालणाऱ्याला हे आठवडे आयतेच मिळतात, आणि बहुधा खाटेवर वाया जातात.

मोजमाप सोपं आहे : 30 मीटरचा सपाट कॉरिडॉर, सहा मिनिटं चाल. अंतर 400 मीटरच्या आत आलं तर डॉक्टरांना सांगावं. यवतेश्वरचा घाट चढून दाखवायची गरज नाही. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावं. एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता उठबस करावी. मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी चाललं तर साखर फार उतरू शकते. मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर 50 किलोच्या माणसाला दिवसाला 60 ते 75 ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या भाकरी-आमटीवर ती भरत नाहीत. श्वासाच्या व्यायामासाठी देतात त्या तीन बॉलच्या यंत्रात बरेचजण फुंकतात. श्वास आत ओढून बॉल वर धरायचे असतात. फुंकल्याने फुप्फुसाचा तळ उघडत नाही.