औषधाला जास्त पैसे घेतले असं वाटतंय? तक्रार कुठे, कोणत्या कागदांवर, आणि खर्च परत कसा मागायचा

शेजारच्या काकू परवा एक बिल घेऊन आल्या. काका चार दिवस रुग्णालयात होते, तिथल्याच मेडिकलमधून घेतलेल्या औषधांचं ते बिल. एका इंजेक्शनच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हेच बाहेर निम्म्यात मिळतं म्हणे. तक्रार करायचीय, तू फॉर्म भरून दे." फॉर्म भरायला दहा मिनिटं पुरतात. तो भरायचा की नाही हे ठरवण्यात आमची अख्खी संध्याकाळ गेली, आणि शेवटी तक्रार केलीच नाही. का, ते पुढे सांगतो. सगळ्यांची गाडी तिथेच अडते.

आधी पाहा: औषध यादीतलं आहे का?

पट्टीवर छापलेली एमआरपी सरकार ठरवतं असा बहुतेकांचा समज असतो. एमआरपी कंपनी छापते. सरकार फक्त ठरावीक औषधांना कमाल किंमत लावून देतं. मेडिकलवाले तिला 'सीलिंग' म्हणतात. हे चालतं औषध (किंमत नियंत्रण) आदेश, २०१३ म्हणजे डीपीसीओनुसार. जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ खाली तो १५ मे २०१३ ला निघाला. अंमलबजावणी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण करतं. १९९७ पासून चालत आलेल्या या कार्यालयाला आपण एनपीपीए म्हणू.

सीलिंग मिळतं ते राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीतल्या औषधांना. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. पण नुसतं औषधाचं नाव यादीत असून भागत नाही. गोळी की सिरप की इंजेक्शन, आणि किती मिलिग्रॅम, हेही जुळावं लागतं. म्हणून यादीतल्या औषधात दुसरं एखादं औषध मिसळून नवी गोळी काढायची, किंवा यादीत नसलेली मात्रा बाजारात आणायची, असल्या पळवाटा कंपन्या शोधत आल्या. त्यावर उपाय म्हणून आधीपासून ते औषध बनवणाऱ्या कंपनीने असं मिश्रण आणलं, तर विक्रीआधी एनपीपीएकडून किरकोळ किंमत ठरवून घ्यावी लागते.

एक घोटाळा टाळा. पट्टीवरची लाल रेघ आणि 'शेड्यूल एच' हे शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीसाठी असतात. किमतीच्या शेड्यूलशी, म्हणजे सीलिंगच्या यादीशी, त्यांचा काही संबंध नाही.

सीलिंग निघतं कसं

समजा, एका गोळीची दहाची पट्टी चार कंपन्या विकतात. दुकानदाराला ती १०, २०, ३० आणि ४० रुपयांना पडते. बाजारात निदान १ टक्का वाटा असलेल्या कंपन्याच धरायच्या असतात. या चारही तशा आहेत असं समजू. सरासरी आली २५. त्यावर दुकानदाराचे १६ टक्के, म्हणजे ४ रुपये. झाले २९, गोळीला २ रुपये ९० पैसे. एनपीपीएच्या तक्त्यात हाच आकडा दिसतो, आणि त्यात जीएसटी नसतो. ५ टक्के जीएसटी धरला की पट्टी ३० रुपये ४५ पैशांच्या वर जाता कामा नये. ४० ला देणाऱ्या कंपनीला खाली यावंच लागतं. १० ला देणारीला मात्र सीलिंग २९ चं आहे म्हणून वर चढता येत नाही, तिने होती ती एमआरपी ठेवायची.

दरवर्षी १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे हे आकडे हलतात. २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ मिळाली, २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के म्हणजे जवळजवळ शून्य, २०२५ मध्ये १.७४ टक्के. म्हणून तक्रारीआधी बिल कोणत्या तारखेचं आहे ते बघा आणि त्या तारखेला लागू असलेलं सीलिंग धरा.

१९९५ च्या जुन्या आदेशात उत्पादनाचा खर्च मोजून किंमत ठरायची. आता बाजाराची सरासरी काढतात. बाजारच फुगलेला असेल तर सरासरीही फुगलेली निघणार, ही टीका पहिल्या दिवसापासून होत आली आहे आणि मला ती पटते. पण किंमत फार खाली दाबली तर काय होतं तेही पाहिलंय. अ‍ॅट्रोपीन, बेंझिल पेनिसिलीन, लिथियम यांसारखी जुनी, स्वस्त औषधं बनवणं परवडत नाही म्हणून कंपन्या हात आखडता घेऊ लागल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा ८ औषधांच्या ११ प्रकारांचं सीलिंग सरकारला एकदम ५० टक्के वाढवून द्यावं लागलं. यादीतलं औषध बनवणं थांबवायचं असेल तर कंपनीला निदान ६ महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते. म्हणजे एखादं औषध अचानक कुठेच मिळेनासं झालं तर त्याचीही तक्रार होते, हे लक्षात असू द्या.

उलट बाजूचं उदाहरण स्टेंटचं, म्हणजे हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवतात त्या नळीवजा जाळीचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपयांचं सीलिंग लागलं. त्याआधी लेपवाल्याची सरासरी एमआरपी लाखाच्या वर होती. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी आपले महागडे स्टेंट भारतातून मागे घेण्याचे अर्ज केले.

यादीबाहेरचं औषध असेल तर

काकूंचं इंजेक्शन इथेच अडकलं. यादीत नसलेल्या औषधाला सीलिंग नाही. बंधन एकच: १२ महिन्यांत एमआरपी १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. पहिल्यांदा किती छापायची ही कंपनीची मर्जी. एका कंपनीने ४०० छापले आणि दुसरीने त्याच औषधाला ९०० छापले, तरी दोन्ही कायद्यात बसतं. रुग्णालयाचं मेडिकल अर्थातच ९०० वालं ठेवतं, कारण खरेदीत त्यावर सुटणारी रक्कम मोठी असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि इतर सामानावर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा निघाला होता. माल छापील किमतीलाच विकलेला असेल तर यातलं बरंचसं 'जास्त आकारणी'त मोडत नाही. राग येतो, पण फॉर्ममध्ये रागाला रकाना नाही.

तक्रार कोण करू शकतं, कशाची

रुग्ण, नातेवाईक, संस्था, अगदी दुकानदारसुद्धा. फी नाही, वकील नको, अमुक राज्यातलेच रहिवासी हवेत असंही नाही. कारणं साधारण अशी असतात: छापील एमआरपीच सीलिंग अधिक जीएसटीपेक्षा जास्त आहे, यादीबाहेरच्या औषधाची एमआरपी वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढली, दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, औषध असून दिलं नाही, किंवा ते मिळतच नाही.

सुट्या गोळ्यांचं तर लोकांना माहीतच नसतं. दहा गोळ्यांची पट्टी ३० रुपयांची असेल तर चार गोळ्यांचे १२ च. "सुटं घेतलं की थोडं जास्त पडतं" हे काउंटरवर हमखास ऐकू येणारं वाक्य डीपीसीओत कुठेच नाही. किमतींची यादी दुकानात दिसेल अशी ठेवणं दुकानदारावर बंधनकारक आहे. मागून बघा, चेहरा कसा होतो ते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा शून्य झाला. त्याआधी छापलेला माल परत बोलावण्याची सक्ती नव्हती. सुधारित किमतीने विकला म्हणजे झालं. त्यामुळे जुन्या पाकिटावरची एमआरपी जास्त आणि बिलातली कमी दिसली तर ते बरोबरच आहे. जुन्याच एमआरपीने पैसे घेतले असतील, तर विचारायचं.

लागणारे कागद

सगळ्यात आधी पक्कं बिल: दुकानाचं नाव-पत्ता, तारीख, औषधाचं पूर्ण नाव, बॅच नंबर, नग आणि दर असलेलं. मग पट्टीचा किंवा बाटलीचा फोटो, त्यात कंपनीचं नाव, घटक, बॅच, उत्पादनाची तारीख आणि एमआरपी वाचता आली पाहिजे. सुट्या गोळ्या कापून देताना नेमका हा मजकूर दुकानदाराकडच्या तुकड्यावर राहतो. म्हणून कात्री लागण्याआधी मोबाइलने फोटो काढा. डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची नाही, पण जोडली तर बरं. तुमचं नाव, पत्ता, मोबाइल आणि ईमेल लागतो.

काकूंना आधी दिलेल्या बिलात "इंजेक्शन व औषधे" अशी एकच ओळ होती. तपशिलाचं बिल मागितलं तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कम्प्युटरमधून तसं निघत नाही." लेखी अर्ज दिला, दुसऱ्या दिवशी निघालं. तोंडी मागू नका.

अर्जाची पद्धत

मोबाइलवर 'फार्मा सही दाम' हे एनपीपीएचं अ‍ॅप घ्या. ब्रँडचं किंवा घटकाचं नाव टाकलं की सीलिंग आहे का आणि किती, ते दिसतं. आकडा गोळीमागे किंवा मिलिलिटरमागे असतो. पट्टीचा हिशेब आपला आपण करायचा.

फरक दिसला तर एनपीपीएच्या संकेतस्थळावर 'फार्मा जन समाधान' मध्ये तक्रार नोंदवा. २०१५ पासून ही सोय आहे. तक्रारीचा प्रकार निवडायचा, पट्टीवरचा मजकूर जसाच्या तसा भरायचा, बिल आणि फोटो जोडायचे. क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. ऑनलाइन जमत नसेल तर १८००-१११-२५५ या टोल-फ्री क्रमांकावर विचारा.

दुकानदाराने छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतील तर आधी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे (एफडीए) जा, कारण दुकानात येऊन तपासणी औषध निरीक्षकच करतात. महाराष्ट्र एफडीएचा टोल-फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त कार्यालयात अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. गोव्यात हे काम तिथलं अन्न व औषध प्रशासन संचालनालय करतं.

आता कटू भाग. कंपनीने जास्त किंमत लावल्याचं सिद्ध झालं तर जादा रक्कम व्याजासकट वसूल होते, पण ती केंद्र सरकारकडे जमा होते. तुमच्या हातात दमडी येत नाही. स्वतःचे पैसे परत हवे असतील तर वाट वेगळी आहे: आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत २ वर्षं. तेच बिल, तेच फोटो तिथेही चालतात.

खर्चाची प्रतिपूर्ती

आपल्याकडे बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे बहुतेक घरांत खिशातूनच जातात. ज्या देशांत विमा किंवा सरकार बिल भरतं, तिथे पैसे देणारा एकगठ्ठा घासाघीस करतो. आपल्याकडे डॉक्टर लिहितो, दुकानदार देतो, रुग्ण भरतो. घासाघीस करणारा कुणीच नाही. म्हणूनच सरकारला थेट एमआरपीला हात घालावा लागतो. ज्यांना प्रतिपूर्ती मिळते, त्यांच्यासाठी थोडक्यात.

केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्त लोक: सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूरला केंद्रं आहेत. निवृत्तांनी दावा ६ महिन्यांच्या आत करायचा. सीजीएचएस कार्डाची प्रत, भरलेला दाव्याचा फॉर्म, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि पावत्या, रद्द केलेला धनादेश. सीजीएचएसच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात धावपळीत नेलं असेल तर तातडीचं प्रमाणपत्र. कार्डधारक हयात नसेल तर वारसांची ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र. पैसे मिळतात ते सीजीएचएसच्या दरानेच, आणि हे दर १३ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले आहेत. बिल कितीही मोठं असलं तरी वरचं आपल्या अंगावर.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांनी खर्च मिळतो. प्रस्ताव कार्यालयप्रमुखांमार्फत जातो. खासगी रुग्णालयातले उपचार असतील तर आजार आकस्मिक वा गंभीर यादीत बसतो का ते आधी आस्थापना शाखेत विचारा, नाहीतर फाइल महिनोन् महिने फिरते. चिठ्ठीवरचं औषध आणि बिलावरचं औषध ओळीला ओळ जुळलं पाहिजे. बहुतेक त्रुटी इथेच निघतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रतिपूर्तीचा प्रश्नच येत नाही, उपचार रोकडरहित असतात. मंजूर उपचाराची औषधं बाहेरून आणायला सांगितली तर पैसे भरून गप्प बसू नका, १५५३८८ वर कळवा.

दाव्याला मूळ बिलं द्यावी लागतात आणि ती परत येत नाहीत. मेडिकलची बरीच बिलं थर्मल कागदावर निघतात, कपाटात ठेवली की काही महिन्यांत कोरी पडतात. घरी आल्याबरोबर दोन झेरॉक्स काढा: एक दाव्याच्या फाइलला, एक तक्रारीसाठी.